बालकाच्या मनाचा उपचार बाजाराच्या हाती नको

दीड-दोन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, आलेले दोन-चार शब्दही हरवून बसते, किंवा रात्ररात्र किंचाळत राहते, तेव्हा काहीतरी बिनसले आहे हे आईबापांच्या ध्यानात येते. पुढे कोणाकडे जावे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. राष्ट्राची राजधानी आणि तिच्याभोवती पसरलेला राष्ट्रीय राजधानी प्रदेश येथील लाखो कष्टकरी कुटुंबांची हीच स्थिती आहे. बड्या रुग्णालयांच्या या प्रदेशात गरिबाच्या लहान मुलाच्या मनाला वाली नाही.

हा मूठभर कुटुंबांचा प्रश्न नव्हे. राजधानी प्रदेशातीलच पलवल जिल्ह्यासह उत्तर गोवा, कांग्रा, ढेंकानाल व हैदराबाद अशा पाच ठिकाणी झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे दर आठ मुलांमागे एकाला बुद्धी, वाचा, श्रवण, स्वमग्नता, अपस्मार यांपैकी विकासाची किमान एक अडचण असल्याचे तीत आढळले. उलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने तेरा वर्षांखालील मुलांची मोजदादच केली नाही. ज्याची गणती नाही, त्याच्यासाठी तरतूद कोठून होणार?

कायद्यांची वाण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला असून त्यात बालकांसाठीच्या सेवांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सर्व मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावयास हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे ज्याचा आरंभ झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि शंकास्पद मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. परंतु बदरपूर, लोणी किंवा मानेसर येथील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईला या साखळीची पहिली कडीच सापडत नाही.

त्यातच सरहद्दींचा अडसर. हा प्रदेश दिल्ली आणि हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांच्या जिल्ह्यांचा बनलेला आहे. मजूर एका राज्यात राहतो, दुसऱ्यात राबतो आणि त्याची कागदपत्रे तिसऱ्याच राज्यातील गावी असतात. भांडवलाला या सरहद्दी आड येत नाहीत, रुग्णाला येतात. २०१८ मध्ये दिल्ली सरकारने उत्तर प्रदेशच्या हद्दीलगतच्या गुरू तेग बहादूर रुग्णालयातील ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आदेश गेला, मात्र ज्याचे श्रम चालतात पण आजारी मूल चालत नाही, ही वृत्ती गेलेली नाही.

सरकारी दार बंद झाले की बाजाराचे दार उघडते. खाजगी केंद्रांत वाचोपचार वा व्यवसायोपचाराच्या एका बैठकीसाठी मजुराची दिवसभराची कमाई सहज खर्ची पडते, आणि अशा बैठका आठवड्याला अनेक, महिनोन्‌महिने लागतात. दरमहा २१,००० रुपये वेतनमर्यादेच्या राज्य विमा योजनेबाहेर राहिलेल्या घरकामगार, बांधकाम मजूर व फेरीवाल्यांनी काय करावे? वर दोष आईच्याच माथी मारला जातो. आईच्या थंड वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, हा पाश्चात्त्य मानसशास्त्रात एकेकाळी मिरवलेला सिद्धांत विज्ञानाने केव्हाच मोडीत काढला. आज त्याच जागी 'आईने मोबाईल दिला म्हणून' हे वाक्य येऊन बसले आहे. व्यवस्थेची जबाबदारी व्यक्तीवर ढकलण्याची ही जुनीच रीत होय.

या वयाच्या मुलाला लागतो तो प्रामुख्याने औषधांचा नव्हे, तर माणसांचा उपचार. सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या प्रसिद्ध लेखाच्या कितीतरी आधी, अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले. मॉस्कोतील त्यांच्या संस्थेत उपचार आणि शिक्षण ही एकाच कामाची दोन अंगे होती. आपल्याकडे गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांना घेऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळण्याची, त्याच्या खुणा ओळखून प्रतिसाद देण्याची रीत शिकविली. स्वमग्नता नाहीशी झाली, असा दावा कोणी केला नाही. पण मूल आपण होऊन आईबापांशी अधिक संवाद साधू लागले, हे सिद्ध झाले. म्हणजे योग्य व्यवस्था उभारल्यास हा उपचार वस्तीपर्यंत नेता येतो.

मात्र या उपचाराला दोन गोष्टी लागतात: आईबापांचा वेळ आणि वस्तीत कायम असणारी प्रशिक्षित व्यक्ती. बारा तासांची पाळी करून परतणाऱ्या कामगाराकडे मुलासोबत जमिनीवर बसून खेळण्याइतके त्राण उरत नाही. आठ तासांच्या दिवसाची लढाई या अर्थाने मुलाच्या मनाचीही लढाई आहे. दुसरी व्यक्ती आहे अंगणवाडी सेविका. १९७५ पासून सहा वर्षांखालील गरीब मुलाला सरकार भेटते ते तिच्याच रूपाने. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी नियमावली काढून लक्षणे ओळखण्याचे काम तिच्यावर सोपविले. त्याच केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून तिचे मासिक मानधन ४,५०० रुपये ठरविले होते. २०२२ मध्ये दिल्लीतील सेविका व मदतनीसांनी ३८ दिवस संप केला, तेव्हा अत्यावश्यक सेवा कायदा लावण्यात आला आणि शेकडो जणींना कामावरून काढण्यात आले. संप केला की काम अत्यावश्यक आणि वेतन मागितले की ती स्वयंसेवा, हा न्याय कोणता?

तज्ज्ञांची उणीव स्वस्त श्रमाने झाकण्याची पळवाटही शासनाला मिळता कामा नये. सेविका ही पहिली पायरी आहे; तिच्या पाठीशी बालमानसतज्ज्ञ, वाचोपचारक आणि व्यवसायोपचारक असलेच पाहिजेत. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात पूर्ण कर्मचारी असलेले शीघ्र हस्तक्षेप केंद्र, रहिवासाचा पुरावा न मागता मोफत उपचार, उपचाराच्या दिवशी पालकाला भरपगारी रजा, कामाच्या ठिकाणी पाळणाघर आणि अंगणवाडी सेविकांना कर्मचाऱ्याचा दर्जा व किमान वेतन या मागण्या एकत्रितपणे पुढे आल्या पाहिजेत.

पक्षसभासदांनी, मग ते दिल्लीत असोत वा भिवंडीत, रेशन आणि पाण्याच्या प्रश्नासाठी वस्तीत फिरताना आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: तपासणी पथक येथील अंगणवाडीत शेवटचे केव्हा आले? उत्तर मिळाले नाही, तर ते जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन मागावे. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःसाठी मोर्चा काढता येत नाही. तो त्याच्या वर्गाने काढावयाचा असतो, आणि लवकर. कारण त्या वयात वाया गेलेले वर्ष पुढे कोणतीही योजना पूर्णपणे भरून देऊ शकत नाही.