निरंक

नातवाला मे महिन्यातील आठ दिवसांच्या निवासी विज्ञान-शिबिरास पाठविण्याचे घरात ठरले आणि त्यानिमित्ताने आलेला चार पानी अर्ज भरण्याचे काम, घरातील यच्चयावत कागदांप्रमाणे, माझ्याकडे आले. दुर्बीण, आकाशदर्शन आणि पक्षिनिरीक्षण यांच्या वर्णनाने साडेतीन पाने व्यापली होती; उरलेल्या अर्ध्या पानावर 'आजार असल्यास' असा बोटभर रकाना होता, आणि त्याखाली ठळक टायपात, शिबिरकाळात उद्भवणाऱ्या आजारास वा अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही, असा मजकूर होता.

असाच एक रकाना मी स्वतः १९८६ साली सायक्लोस्टाइल करून घेतला होता. राजगडाच्या पायथ्याच्या एका गावी आठवीच्या मुलांचे शिबिर न्यावयाचे होते. चाळीस अर्ज आले, त्यांतील एकूण एक पालकांनी त्या रकान्यात 'निरंक' हा कचेरीतला शब्द लिहिला होता, आणि मीही तो वाचून समाधानाने दप्तर बांधले होते. तिसऱ्या रात्री शाळेच्या पडवीत, कंदिलाच्या उजेडात पंगत बसली असता, एक मुलगा एकाएकी ताठ झाला, दातखीळ बसली आणि हातपाय झटके देऊ लागले. कोणी कांदा आणावयास धावला, कोणी वहाण नाकाशी धरली, आणि मी स्वतः, सांगावयास लाज वाटते, त्याच्या दातांत आमटीचा चमचा घालण्याच्या खटपटीत होतो. मुक्कामाच्या एस.टी.चा कंडक्टर आमच्याच पंगतीला होता. त्याच्या बहिणीला हा विकार असल्याने तो जाणता होता. त्याने माझ्या हातून चमचा घेतला, मुलाला कुशीवर वळविले, डोक्याखाली आपल्या खाकी कोटाची घडी सरकविली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत म्हटले, "गुरुजी, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर ड्रायव्हरला उठवतो." तीन मिनिटांत थांबले.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या ट्रंकेत, लाडवांच्या डब्याच्या तळाशी, आईने मोजून दिलेल्या गोळ्यांची पुडी सापडली. तिच्यातील एकही गोळी कमी झालेली नव्हती, कारण सर्वांदेखत गोळी घेतली तर मुले विचारतील, ही त्याची भीती. गोळ्यांत पडलेला खंड आणि दोन रात्रींचे जागरण, ही दोन्ही कारणे फेफऱ्याला आमंत्रण देणारी. पैकी दुसरे आम्ही 'शेकोटी' या नावाने कार्यक्रमपत्रिकेत छापले होते.

वडील आले तेव्हा मी त्यांना अर्ज दाखविला. ते खाली मान घालून म्हणाले, "लिहिलं असतं, तर नेलं असतं तुम्ही त्याला?" त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते, आणि ते मला देता आले नाही. शिवाय मुलाच्या पाठीवर बहीण होती आणि तिचे लग्न व्हावयाचे होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे विवाहास बाधक ठरविणारे शब्द होते आणि ते १९९९ साली वगळण्यात आले. ज्या विकाराला कायद्यानेच असा डाग लावला होता, तो एका शिक्षकाच्या कागदावर बापाने नमूद करावा, ही अपेक्षाच भाबडी होती.

सबब माझे मत असे झाले आहे की, खरे सांगणाऱ्याचे मूल वगळले जाते तोवर प्रत्येक रकाना निरंकच राहणार. आजाराची विचारणा प्रवेश निश्चित झाल्यानंतर करावी आणि ही माहिती कोण वाचील तेही तेथेच लिहावे. गोळ्या एका नावानिशी नेमलेल्या शिक्षकाकडे असाव्यात, त्याने त्या एकांतात द्याव्यात आणि वेळेची नोंद वहीत करावी. दम्याचा पंप मात्र मुलाच्याच खिशात हवा, कारण धाप लागलेल्या मुलाला कपाटाची किल्ली शोधीत बसता येत नाही. जवळचे रुग्णालय आधी पाहून ठेवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४पासून विनामूल्य मिळते, आणि प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. तेव्हा पालकाच्या सहीसाठी मूल दाराशी ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.

माझ्या नातवाला दमा आहे. सून म्हणाली, "बाबा, निरंक लिहा ना, उगीच नाही म्हणतील." मी दमा लिहिला, रकाना पुरेना म्हणून पाठीमागे पंपाचे नाव व मात्रा लिहिली, आणि त्या ठळक मजकुराखाली सही न करता शेरा मारला: 'रात्री जबाबदार कोण, त्या इसमाचे नाव कळवावे.' अर्ज काल रवाना झाला. नाव आले की शुल्क भरीन.