नावात काय आहे? विचारा उवांना!

सोमवार रात्र. सकाळी डेडलाइन, लॅपटॉप उघडा आणि मागे माझी रूममेट बारीक दातांची फणी घेऊन उभी. पाचव्या फेरीला पांढऱ्या टिश्यूवर दोन उवा चालायला लागल्या. हो, माझ्या डोक्यातल्या. महागडं स्ट्रेटनिंग केलेल्या! हसून घ्या.

मी बोदवडला मामांकडे चार दिवस राहून आले होते. मामेबहिणीच्या सहा वर्षांच्या लेकीला कुशीत घेऊन झोपायचे. डोक्याला डोकं लागलं की ऊ इकडून तिकडे येते. तिला उडी मारता येत नाही आणि तुमच्या शाम्पूच्या किमतीशी तर तिला काहीच घेणंदेणं नसतं.

पण खरा सीन तिकडेच झाला. पोरीच्या डोक्यात उवा आहेत म्हटल्यावर मामा कपाशीवर फवारायची बाटली घेऊन आले. लेबलवर लिहिलं होतं : प्रोफेनोफॉस ४० टक्के, सायपरमेथ्रिन ४ टक्के. "मेडिकलमधलं परमेथ्रिन म्हणजे याचंच भाऊबंद ना? तेलात दोन थेंब टाक. काही नाही होत वं त्यानं!"

शप्पथ सांगते, क्षणभर मलाही पटलं. नावं खरंच एका घराण्यातली आहेत. पण त्या बाटलीतलं प्रोफेनोफॉस थेट मज्जासंस्थेवर घाला घालतं आणि कातडीतूनही शरीरात शिरतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. मी तेवढंच म्हणाले, "मामा, यवतमाळ आठवतं ना?" मामा काही बोलले नाहीत. बाटली उचलून परत खोलीत ठेवून आले.

मग मेडिकलमधून उवांसाठीचं १ टक्क्याचं परमेथ्रिन लोशन आणलं. ५ टक्क्यांचं क्रीम खरजेसाठी असतं, तेव्हा टक्केवारी वाचून घ्या. केस साध्या शाम्पूनं धुवायचे, कंडिशनर नको. टॉवेलनं टिपायचे. मुळांपासून लोशन लावायचं, कानामागे आणि मानेवर विसरायचं नाही. डोळ्यांवर फडकं धरायचं. घड्याळ लावून १० मिनिटं, मग बेसिनवर डोकं वाकवून धुवायचं. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त असर, असं काही नसतं. वर प्लॅस्टिकची टोपीही नको. आणि रॉकेल तर मुळीच नको, केस पेट घेऊ शकतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ किंवा टाळूवर जखम असेल तर आधी डॉक्टर.

लिखा मात्र यातून वाचतात आणि आठवड्याभरात फुटतात. म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात. मधे ओल्या केसांत फणी चालू ठेवायची. खाज काही दिवस राहते, पण ती राहिली म्हणून पुन्हा पुन्हा लोशन चोपडू नका. दुसऱ्या वेळेनंतरही जिवंत ऊ दिसली, तर डॉक्टरांकडे जा.

मी सोमवारी रात्रीच लोशन लावलं. डेडलाइन? ती हुकली.

पुढच्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये मामांचा फोन. मी दबक्या आवाजात, "मामा, नंतर बोलू?"

"पोरीचा आज नववा दिवस ना वं? घड्याळ लावून बसलोय. १० मिनिटं म्हणजे पुरी १० च ना?"