आधी शाई, मग स्वप्ने

वर्तमानपत्राचा कागद रोटरी यंत्रातून ज्या वेगाने धावतो त्याच वेगाने प्लास्टिकच्या रिळावर विद्युतमंडले छापली जातील, शाईच्या जागी वीज वाहून नेणारे द्रव्य असेल आणि सिलिकॉन चिपसाठी उभारावे लागणारे अब्जावधी डॉलरांचे कारखाने अनावश्यक ठरतील, असे स्वप्न मुद्रित इलेक्ट्रॉनिक्सचे पुरस्कर्ते गेली पंचवीस वर्षे जगाला दाखवीत आले आहेत. हे स्वप्न निराधार नव्हते. प्लास्टिक म्हणजे विजेचे दुर्वाहक, ही समजूत ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी १९७७ साली खोटी ठरविली आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अशा प्रकारची द्रव्ये विरघळवून त्यांची शाई करता येऊ लागली. आणि शाई झाली म्हटल्यावर छापखाना आलाच! तर्क बिनतोड होता. परंतु प्रयोगशाळेतील तर्क आणि बाजारातील हिशेब यांत अंतर असते आणि ते न ओळखणाऱ्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली.

केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील संशोधनातून २००० साली प्लास्टिक लॉजिक ही कंपनी जन्मास आली. २००८ मध्ये तिने जर्मनीतील ड्रेस्डेन येथे कारखाना उभारला आणि जानेवारी २०१० मध्ये प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरांवर चालणारा ‘क्यू’ हा वाचनपट जाहीर केला. त्याची किंमत ६४९ डॉलरपासून पुढे होती. त्याच महिन्यात ॲपलने ४९९ डॉलरपासून मिळणारा आयपॅड जाहीर केला. ऑगस्टमध्ये ‘क्यू’ बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाला. अमेरिकेतील कोनार्का या कंपनीच्या संस्थापकांत तर नोबेलविजेते हीगर स्वतः होते. प्लास्टिकच्या रिळावर सौरविद्युत पट्ट्या छापणाऱ्या या कंपनीने जून २०१२ मध्ये दिवाळे जाहीर केले. जपानमधील सोनी आणि पॅनासॉनिक यांचे विभाग एकत्र करून उभ्या राहिलेल्या जेओलेड या कंपनीने शाईच्या फवाऱ्याने पडदे छापून ते विकूनही दाखविले; पण मार्च २०२३ मध्ये तिलाही कर्जाच्या ओझ्याखाली न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

या तिन्ही ठिकाणी विज्ञान खोटे नव्हते. चूक होती ती प्रतिस्पर्धी निवडण्यात. सिलिकॉनचा उद्योग जागच्या जागी थांबून राहील, असे जणू गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात कोनार्काच्या छापील पट्ट्यांची कार्यक्षमता आणि आयुष्य वाढविण्याची धडपड चालू असताना सिलिकॉनच्या सौरपटलांचे भाव कोसळत होते. स्वस्ताईच्या आशेवर उभा राहिलेला धंदा स्वस्ताईनेच बुडविला.

त्यातच छपाई ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. वर्तमानपत्राच्या रंगीत चित्रात एक रंग केसभर सरकला तर चित्र थोडे पुसट दिसते. वाचक कपाळाला आठ्या घालतो आणि पुढे वाचू लागतो. विद्युतमंडलात एक थर तेवढाच सरकला, तर मंडल निकामी होते. एखाद्या मंडलात हजार ट्रान्झिस्टर आहेत आणि हजारांत सरासरी एकच सदोष निघतो असे मानले, तरी शंभरांपैकी जेमतेम ३७ मंडले संपूर्ण निर्दोष निघतील, असे साधे गणित सांगते. छापखान्यात हजारात एक चूक म्हणजे उत्तम काम. येथे तीच दिवाळखोरी होय. शिवाय धावत्या रिळावरचे प्रत्येक मंडल त्याच वेगाने तपासणार कसे, हा प्रश्न छपाईइतकाच अवघड आहे.

दुसरी अडचण शाईची. चांदीची शाई उत्तम वीज वाहते; परंतु चांदीचा भाव सर्वांना ठाऊक आहे. तांबे स्वस्त, पण त्याचे सूक्ष्म कण हवा लागताच गंजतात. छापलेल्या शाईतील कण एकमेकांना चिकटण्यासाठी उष्णता द्यावी लागते आणि नेहमीची पॉलिएस्टर फिल्म दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास आकसू लागते. म्हणजे शाईला जे हवे, ते फिल्मला सोसत नाही. सेंद्रिय द्रव्यांना तर दमट हवेचेही भय. या बारीकसारीक अडचणींतूनच कारखान्याचा नफा-तोटा ठरतो. गुंतवणूकदारांपुढील सादरीकरणात मात्र त्यांना क्वचितच जागा मिळते.

तरीही हे तंत्र अपयशी ठरले, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. जेथे त्याने सिलिकॉनशी बरोबरी करण्याचा हट्ट सोडला, तेथे ते निमूटपणे जिंकले आहे. मोटारीच्या मागील काचेवरील दव घालविणाऱ्या रेघा छापलेल्या असतात. ज्या सिलिकॉनने कोनार्काला बाजारातून हुसकले, त्याच सिलिकॉनच्या सौरघटावर चांदीच्या लेपाच्या बारीक रेघा स्क्रीन प्रिंटिंगनेच उमटविल्या जातात. आणि मधुमेही माणूस रोज सकाळी बोट टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतो, तिच्यावरील विद्युताग्रेही बहुधा छापलेलीच असतात. अशा पट्ट्या जगात दरवर्षी अब्जावधींनी खपतात. या सर्व वस्तूंत ट्रान्झिस्टर नाहीत, चमत्कार नाही. मोठा पृष्ठभाग, मोजके थर आणि प्रचंड खप एवढेच आहे. छपाईचे खरे बळ तेच आहे.

भारताने यातून काय घ्यावे? केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धसंवाहकांसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि त्यानंतरची बहुतेक चर्चा सिलिकॉनच्या कारखान्यांभोवतीच फिरत राहिली. ते कारखाने हवेतच. परंतु मुद्रित इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्या मानाने थोडे भांडवल पुरते, आणि स्क्रीन प्रिंटिंग जाणणारे कारागीर आपल्याकडे गावोगाव आहेत. आयआयटी कानपूर येथे लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्याच्या सी-मेट या संस्थेत विद्युतवाहक लेपांवर वर्षानुवर्षे काम झालेले आहे. ज्ञानाचे भांडवल अगदीच अपुरे आहे, असे म्हणता येणार नाही. अपुरा आहे तो प्रयोगशाळेतील वाटीभर शाईपासून कारखान्यातील पिंपभर शाईपर्यंतचा रस्ता.

हा रस्ता बांधणे हे सरकारचे काम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एकदा वापरून फेकून द्यावयाची पट्टी शेतमजुराला परवडत नाही आणि म्हणून तो रक्तातील साखर मोजतच नाही. पुढे पाय किंवा दृष्टी गमावल्यावर आजाराची खरी किंमत कळते. सरकारी आरोग्य केंद्रांसाठी देशी पट्ट्यांच्या खरेदीची काही वर्षांची हमी दिली, लहान मुद्रकांना भाड्याने वापरता येईल अशी चाचणीची आणि छपाईची सामाईक सोय केली आणि पट्टीच्या अचूकतेचा कस कठोरपणे लावला, तर एका उद्योगाचा पाया घातला जाईल आणि त्याचबरोबर एका दुखण्यावर उपायही होईल. याउलट ‘जगातील पहिला’ लवचीक पडदा आपणच काढणार, अशा घोषणांमागे पैसा धावला, तर ड्रेस्डेनचीच पुनरावृत्ती येथे होईल; फरक इतकाच की बुडालेला पैसा करदात्यांचा असेल.

मराठी मुद्रणाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढायचे मनात घेतले, तेव्हा त्यांनी नुसते यंत्र मिळवून समाधान मानले नाही. शाई स्वतः करून पाहिली, पंचांगासारखी घरोघर लागणारी वस्तू छापली आणि पुढे खिळेही स्वतः पाडले. शाई आपली, खिळे आपले आणि गिऱ्हाईकही ओळखीचे, या तीन गोष्टींवर तो धंदा उभा राहिला. दोन शतकांनंतर शाईत शब्दांऐवजी वीज वाहू लागली आहे, एवढाच काय तो बदल. धंद्याचा क्रम मात्र तोच राहिला आहे.