वासराला नायटा झालाय? मलमाच्या आधी पोट बघा



पाऊस लागल्यापासून पनवेल, उरण, तळोजा भागातून वासरांचे फोटो ग्रुपवर येतायत. डोळ्याभोवती, कानावर, मानेवर रुपयाएवढे गोल चट्टे, केस गेलेले, वर राखाडी खपली. खाली प्रश्न एकच: "कुठलं मलम लावू?"

माझं मत स्पष्ट सांगतो. मलमाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की एवढ्या जनावरांत नेमकं याच वासराला का झालं?

हा नायटा, म्हणजेच गजकर्ण. ट्रायकोफायटॉन नावाच्या बुरशीमुळे होतो. धडधाकट वासरू यातून साधारण दोन ते चार महिन्यांत आपोआप बरं होतं, कारण त्याच्या अंगातली ताकदच बुरशीला हटवते. पण ज्याला चीक कमी मिळाला, पोटात जंत आहेत, हिरवा चारा मिळत नाही किंवा जे लम्पीतून नुकतंच उठलंय, त्याचे चट्टे पसरत जातात. चट्टा कातडीवर दिसतो, पण कमी आत असते.

आपल्याकडे शहर शेजारी, दुधाला गिऱ्हाईक दारात. म्हणून वासराच्या तोंडचं दूध आधी कॅनमध्ये जातं. म्हशीचं नर पारडू असेल तर विचारायलाच नको. दूध विकू नका असं मी म्हणत नाही, घर त्यावर चालतं. पण पहिले दिवस वासराचा वाटा काढून ठेवा. तिथे वाचवलेले पैसे पुढे औषधात जातात, आणि कालवड उशिरा माजावर येते ते वेगळंच.

काही जण म्हणतील, आपोआप जातं तर सोडून द्या ना. नाही. हा नायटा माणसालाही होतो. धार काढणाऱ्या बाईच्या हाताला, वासराला कुरवाळणाऱ्या पोराच्या मानेला. घरात कुणाला मधुमेह असेल तर जास्तच जपा.

आता मलमाबद्दल. मेडिकलमधून माणसांचं तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम आणून लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, आपल्याला वाटतं गुण आला. खरं तर स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशी पसरते. माणसांमध्ये हा त्रास एवढा वाढला की 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. मग आधीच अशक्त वासरावर तेच कशाला?

*लम्पी की नायटा?* 2022 च्या लम्पीची धास्ती अजून आहे, म्हणून नीट बघा. लम्पी विषाणूमुळे होतो: ताप, अंगावर टणक गाठी, पायाला सूज, खाणं कमी. नायट्यात ताप नसतो, चट्टा सपाट आणि खपलीचा. शंका असेल तर वाट बघू नका.

*आज काय कराल?*
✅ चट्टे असलेलं वासरू वेगळं बांधा. दावं, खरारा, बादली वेगळी.
✅ नवीन वासराला जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या भागाएवढा, दोन-तीन वेळा विभागून. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर.
✅ जंताचं औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास, पुढे सहा महिने दर महिन्याला. औषध आणि डोस डॉक्टरांना विचारूनच.
✅ गोठा कोरडा ठेवा. उघडीप मिळाली की वासरू उन्हात बांधा.
✅ खपल्या उघड्या हाताने खरवडू नका. गळालेल्या खपल्या जाळा. त्यातली बुरशी खांबा-दाव्यावर वर्षभराहून जास्त टिकते, म्हणून गव्हाण आणि खांब ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा.
✅ वासराला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

मी शेतीचा माणूस, पशुवैद्य नाही. उपचार सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या, किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर चट्ट्याचा फोटो टाकाल तेव्हा खाली तीन गोष्टी लिहा: वासराचं वय, जंताचं औषध कधी दिलं, रोज दूध किती पाजता. निम्मं उत्तर तिथेच मिळेल.