जिन्याची दुसरी बाजू

इमारत उभारताना प्रवेशद्वार, फरशी आणि रंग यांची निवड मोठ्या चोखंदळपणे होते. जिन्याच्या कठड्याचा विचार मात्र कोणी कडेवरून खाली पडू नये, एवढ्यापुरताच केला जातो. वास्तविक कठडा आणि हाताचा आधार या दोन भिन्न गोष्टी होत. कठडा माणसाला कोसळण्यापासून अडवतो; पाय घसरला असता तोल सावरते ती मुठीत मावणारी दांडी. रुंद ग्रॅनाइट बसवलेल्या कठड्यावर हात टेकता येतो, पण तो घट्ट धरता येत नाही.

त्यातही ही दांडी बहुधा एकाच बाजूस असते. अर्धांगवायूमुळे उजवा हात दुबळा झालेली व्यक्ती डाव्या बाजूची दांडी धरून वर चढते. उतरताना तीच दांडी दुबळ्या हाताकडे येते. वर स्वतःच्या बळावर गेलेल्या माणसाला खाली येण्यासाठी दुसऱ्याच्या खांद्याची वाट पाहावी लागते.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जिन्याच्या दोन्ही बाजूंना सलग दांडी असावी आणि ती पहिल्या व शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मिलिमीटरपर्यंत न्यावी. पायऱ्या संपल्या असे समजून टाकलेले पाऊल शेवटच्या पायरीवर फसते. दांडी पुढपर्यंत असली, म्हणजे जिना कोठे संपतो हे अंधूक प्रकाशातही हाताला उमगते.

हा प्रश्न बँकांच्या शाखांनाही लागू आहे. हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची सोय २०१४ पासून उपलब्ध असली, तरी नोव्हेंबर महिन्यात अनेक निवृत्तिवेतनधारक स्वतः शाखेत येतात. शाखा पहिल्या मजल्यावर आणि लॉकर तळघरात असेल, तर त्यांच्या व्यवहाराचा आरंभ जिन्यापासूनच होतो.

दुसऱ्या दांडीने जिना अरुंद होतो, असा आक्षेप गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये घेतला जातो. अरुंद जिन्यात तो अगदीच निराधार नाही. परंतु बोटे मावण्यापुरते अंतर धरूनही भिंतीलगतची दांडी सुमारे दहा सेंटिमीटरच जागा घेते. इमारतीच्या रंगकामाला मंजुरी देणाऱ्या सभेने त्याच अंदाजपत्रकात भिंतीकडच्या दांडीचाही समावेश करावा. वृद्धांना हात देणारी माणसे घरोघरी असतात. तो हात मागण्याची वेळ त्यांच्यावर रोज येऊ नये, एवढी व्यवस्था इमारतीने करायला हवी.