रूळ कोण पुसणार?

ईदीच्या पैशांतून मुले रेल्वेचा सेट आणतात. गाडी चार दिवस गोल फिरते, मग अडखळू लागते आणि सेट माळ्यावर जातो. गाडी बिघडली, असे आपण म्हणतो. पुष्कळदा गाडी ठीकच असते. रूळ मळलेले असतात.

आम्ही घरी मुलांसोबत मॉडेल रेल्वेची मांडणी उभारली आहे. हा छंद खर्चाचा आहे खरा, पण नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे टिकतो.

आधी जागा मोजावी. 'एचओ' मापात सारे काही मूळ वस्तूच्या ८७ पट लहान असते. २१ मीटरचा डबा २४ सेंटिमीटरचा होतो. आठ बाय चार फुटी प्लायवर १८ इंच त्रिज्येचे वळण आरामात बसते. जागा कमी असेल तर १६० पट लहान असलेले 'एन' माप घ्यावे. त्याची छोटी मांडणी पलंगाखाली सरकवता येते.

यात गणितही आपोआप होते. एचओच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणले की सुमारे १,४३५ येतात. हा झाला परदेशातला स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. म्हणजे भारतीय इंजिनाखाली हे रूळ अरुंदच ठरणार! बोरघाटात खरी रेल्वे ३७ मीटरला एक मीटर चढते. घरातला चढही याहून कडक ठेवू नये, नाहीतर चाके घसरतात.

डोंगराला रद्दी कागद आणि प्लास्टर ऑफ पॅरिस पुरते, गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा.

आता देखभाल. इंजिनाला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. धूळ आणि फोडणीच्या तेलकट वाफेचा थर मधे आला की गाडी थांबते. म्हणून वीज बंद करून, मऊ फडक्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ आणि चाके पुसावीत. ते लगेच पेट घेते. काम गॅसपासून दूर, खिडकी उघडून, मोठ्यांसमोरच करावे. पॉलिश पेपर घासू नये. ओरखड्यांत मळ आणखी साचतो. रुळांच्या सांध्यांतून वीज कमी होत जाते, म्हणून दर मीटरभर अंतरावर तार जोडावी. प्लाय दोन्ही बाजूंनी रंगवावा, नाहीतर पावसाळ्यात फुगून रूळ वाकडे होतात.

आमच्याकडे नियम एकच आहे : जो रूळ पुसेल, तोच आधी गाडी चालवेल. तारा जोडण्याचे काम मुलीकडे आहे आणि तिचा हात भावापेक्षा साफ आहे. हे काम मुलांचे, ते मुलींचे, अशी वाटणी इथे करूच नये.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. सुटीत मुलांना तिथे न्यावे. परतताना रूळ कोण पुसणार, हे ठरवावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.