झाडाला कळतं का हो?

मैत्रिणींनो, आपण किती सहज म्हणतो पाहा, "रोपानं जीव धरला." उन्हानं झाडानं मान टाकली, मोगरा यंदा रुसलाय, ज्वारी पोटरीत आली, वेल आधार शोधतेय. म्हणजे आपल्या बोलीत झाडाला जीव आहे, मान आहे, रुसवा आहे, गर्भारपणसुद्धा आहे. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलं नाही. दिवेलागणीनंतर फुलं तोडायला निघालेल्या पोराला "अरे, झाड झोपलंय, हात लावू नकोस" म्हणणारी आजी तर घरोघरी होती.

आमच्या दोंडाईच्यात अहिराणी बोलणाऱ्या एक मावशी आहेत. गल्लीच्या टोकाला एकट्याच राहतात. तुळशीनं पानं गाळली की तिच्यापुढे बसून विचारतात, "काय व्हयनं वो माय तुले?" मुलगा सुरतेला नोकरीला. वडील गेल्यावर तो आईला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरची बंद खोली. आठव्या दिवशी मावशी भुसावळच्या गाडीनं परत! का, तर कुंड्यांना पाणी कोण घालणार? मुलगा चिडला, सून हसली. पण मला विचाराल तर नवरा गेल्यानंतर या बाईला पहाटे पाचला अंथरुणातून उठवणारं दुसरं कुणी नव्हतं. कुंड्यांनी ते काम केलं.

हे सगळं आठवायचं कारण, आपल्याच जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र. ती लिहिते, "ताई, पाणी घालताना मी झाडांशी बोलते. सगळे हसतात. मला वेड लागलंय का?" इथपर्यंत ठीक होतं. पुढे मात्र लिहिलंय, की नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी तिनं अंगणात निंब लावला. त्याला आता बावीस वर्षं झाली. घराला पुढून दोन खोल्या काढायच्या आहेत आणि निंब नेमका त्या जागेत येतो. दिवाळीनंतर तो तोडायचं ठरलं. तिला कुणी विचारलं नाही. "कुऱ्हाड माझ्याच अंगावर पडणार असं वाटतं, रात्री झोप लागत नाही," असं ती लिहिते.

बाई गं, हे वेड नव्हे. वेड असेल तर फार जुनं आहे. कालिदासाची शकुंतला झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसे, आणि सासरी निघताना वेलीला मिठी मारून निरोप घेते. आपल्या सावता माळ्यांना अरणच्या मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. इतकं लांब तरी कशाला जायचं? असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपल्याच खानदेशातल्या. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, ऐन तिशीत वैधव्य. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्यांनी गाणी रचली. त्या १९५१ साली गेल्या, आणि मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. मातीखाली पडलेल्या बियाण्याकडे या बाईनं पांघरूण घेऊन निजलेल्या लेकराकडे पाहावं तसं पाहिलं. तिला कुणी वेडी म्हटलं नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचंच नाव दिलं. (घरातल्या हसणाऱ्या मंडळींना हे जरूर ऐकवा!)

आता खरा प्रश्न. आपल्याला झाडाचं कळतं, पण झाडाला आपलं कळतं का?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. लाजाळूचा धडा असला की मुलं कुंडीभोवती गर्दी करतात. बोट लावलं की पानं मिटतात. पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की झाडातून विजेचा बारीकसा संदेश जातो, सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी निघून जातं आणि पान खाली पडतं. हा विजेचा संदेश मोजण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं ते आपले जगदीशचंद्र बसू. त्यांनी स्वतः नाजूक यंत्रं बनवली, १९१७ साली कलकत्त्याला संस्था काढली, आणि नुसती लाजाळूच नव्हे तर साधी झाडंही इजेला, औषधाला प्रतिसाद देतात हे जगाला दाखवलं. त्यांच्या पत्नी अबलाबाईंनी १९१९ मध्ये बंगालमध्ये मुलींच्या आणि विधवांच्या शिक्षणासाठी नारी शिक्षा समिती काढली. नवऱ्याच्या नावामागे ते झाकून गेलं, ते वेगळं.

आजीचं "झाड झोपलंय" तर अक्षरशः खरं निघालं. चिंच, शिरीष, लाजाळू रात्री पानं मिटतात हे तुम्ही पाहिलं असेल. १७२९ साली द मेरां नावाच्या एका फ्रेंच माणसानं असं झाड अंधाऱ्या जागेत ठेवून पाहिलं. ऊन नसतानाही दिवसाच्या वेळी त्यानं पानं उघडली! म्हणजे झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी मोहरीच्या जातकुळीतल्या एका लहानशा झाडाचं चित्रण केलं. अळीनं एक पान कुरतडलं की मिनिट-दोन मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत वर्दी पोचते आणि ती पानं बचावाच्या तयारीला लागतात. आणि २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की पाण्यावाचून सुकणारं किंवा खोड कापलेलं टोमॅटोचं झाड तासाला तीस ते पन्नास बारीक 'टकटक' आवाज करतं. आपल्या कानाच्या पलीकडचे असतात ते. तृप्त झाड तासाला एखादासुद्धा करत नाही.

हे सांगितलं की वर्गातली एखादी मुलगी हमखास विचारते, "बाई, मग मेथी निवडताना तिला दुखतं का?" चांगला प्रश्न आहे. मेथीला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, त्यामुळे आपल्याला दुखतं तसं तिला दुखतं असं म्हणायला आधार नाही. तिला इजा कळते. दुःख कळत नसावं. तेव्हा भाजी चिरताना मन खाऊ नका. १९६६ साली एका अमेरिकन माणसानं खोटं पकडायचं यंत्र झाडाला लावलं आणि "मी पान जाळायचा नुसता विचार केला तर काटा उडाला" म्हणून सांगितलं. १९७३ च्या एका गाजलेल्या पुस्तकानं ते जगभर पसरवलं. १९७५ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी नीट प्रयोग करून पाहिले, तर तसं काहीच घडेना. तेव्हा आपल्या मनातलं झाड वाचतं, यावर माझा विश्वास नाही. माया आपल्याकडूनच असते. पण आजारी तान्ह्यावरची माया तरी त्याला सांगून कुठे करतो आपण?

एक मात्र आहे. मायेला डोळे हवेत. वैशाखात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. दुपारी दोनला जास्वंद मान टाकते आणि बाईचा जीव कळवळतो. लगेच तांब्या! संध्याकाळी दुसरा! खरं म्हणजे भर उन्हात मुळांना पाणी खेचायला वेळ पुरत नाही म्हणून पानं लुळी पडतात. ऊन उतरलं की पुन्हा उभी राहतात. तेव्हा खरी परीक्षा सकाळी. सूर्य वर यायच्या आत पान लुळं असेल तरच झाड तहानलेलं. मातीत बोट दोन पेरं खोल घालून पाहा. ओल लागली तर पाणी नको. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा मायेच्या पाण्यानंच जास्त मरतात, मुळं कुजून. उन्हाळ्यात हंड्याहंड्याचा हिशोब असताना ते परवडतही नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंडीला चालतं. मिठाचं आणि साबणाचं नको.

आता निंबाचं. बाई, नुसतं रडू नका. आधी घरच्यांना हे सांगा, की आपल्या आवारातलं झालं म्हणून काय, गावाच्या हद्दीत झाड तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे. नगरपरिषदेत रीतसर अर्ज करावा लागतो आणि तोडलं तर बदली झाडं लावावी लागतात. आमच्या दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेला हा कायदा लागू आहे तसा तुमच्या नगरपरिषदेलाही. झाड पन्नास वर्षांचं असतं तर २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे ते वारसा वृक्षच ठरलं असतं. तुमचं बावीसचं आहे, पण परवानगी त्यालाही लागते. मग घर बांधणाऱ्या मिस्त्रीला स्वतः विचारा, की दोन खोल्या चार-पाच हात मागे किंवा एका अंगाला सरकतात का. पुष्कळदा सरकतात, नकाशा काढताना कुणी विचारलेलं नसतं इतकंच. सासऱ्यांना सांगताना "मला वाईट वाटतं" एवढंच म्हणू नका. पश्चिमेचं ऊन तो निंब अडवतो, उन्हाळ्यात त्याच्याखाली खाट पडते, सांडगे-कुरडयांवर लक्ष ठेवायला बसतात ती सावली त्याचीच, हेही म्हणा. मात्र "मला वाईट वाटतं" हे वगळूही नका. बावीस वर्षं पाणी तुम्ही घातलंय.

आणि झोप महिनाभर लागेना, जेवण सुटलं, घरातलं काही सुचेनासं झालं, तर ते निंबापुरतं राहिलं नाही असं समजून डॉक्टरांकडे जा. संकोच करू नका.

घरच्यांनी ऐकलं नाही तर? तेही होऊ शकतं, खोटं कशाला सांगू? म्हणून एक काम याच आठवड्यात करा. ज्येष्ठ सरत आलाय, निंबोळ्या पिवळ्या होऊन पडताहेत. निंबाचं बी फार दिवस टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण कमी होते, त्यामुळे दिवाळीची वाट पाहू नका. झाडाखालच्या ताज्या, पिकलेल्या पंधरा-वीस निंबोळ्या गोळा करा. गर धुऊन काढा, बिया सावलीत एक-दोन दिवस सुकवा, उन्हात नको. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा, पेरभर खोल एकेक बी आडवं लावा. माती ओलसर ठेवा, चिखल नको. पावसाळी हवेत पंधरा दिवसांच्या आसपास कोंब दिसतील. दोन रोपं तुमच्या माहेरी पाठवा, एक शेताच्या बांधावर लावा, आणि एक आमच्या मावशींना हवंय, मी विचारून ठेवलंय.